पेय कंपन्या रिसायकलिंगच्या कायद्याला पाठिंबा देतात तेव्हा नेमकं काय तपासावं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: शीतपेयं आणि बाटलीबंद पाणी विकणाऱ्या कंपन्या अनेक वर्षं बाटलीवरच्या अनामत रकमेला, म्हणजे बाटली घेताना द्यायच्या आणि रिकामी परत केल्यावर मिळणाऱ्या पैशांना, विरोध करत होत्या, आणि आता त्याच कंपन्या प्लास्टिक रिसायकलिंगचा चांगला कायदा करा म्हणून सरकारकडे आग्रह धरताहेत. तुमच्या संस्थेला अशाच एका मसुद्यावर मत कळवायचं आहे. तर हा पाठिंबा खरा मानायचा की दिखावा?

मी या धंद्यात बावीस वर्षं आहे. पहिली नऊ वर्षं बाटल्या तयार करणाऱ्या कारखान्यात काढली, त्यानंतर वापरलेल्या बाटल्या धुऊन त्यांचा चुरा आणि दाणे करणाऱ्या कारखान्यात आलो. म्हणजे बाटली बाजारात जाताना पाहिली आणि परत येतानाही. त्या अनुभवावरून सांगतो: खरा की खोटा असा विचार केलात तर उत्तर हाती लागणार नाही. कंपनीला कशाची गरज आहे आणि ती गरज मसुद्याच्या कोणत्या कलमाशी जुळते, हे पाहिलंत तर लागेल. काही कलमांच्या बाबतीत हा पाठिंबा अगदी भक्कम असतो, आणि काहींच्या जवळ पोचताच तो विरून जातो. दोन्ही एकाच कंपनीच्या एकाच निवेदनात सापडतं.

आधी गरज कुठून आली ते पाहू. पूर्वी जुन्या बाटल्यांपासून केलेल्या दाण्यांना बाटलीवाले विचारतही नसत. आमचा बहुतेक माल कापडाचा धागा करणाऱ्यांकडे जायचा. मग कायदे आले. युरोपीय संघाने २०१९च्या निर्देशात लिहिलं की पेटच्या (पाणी आणि शीतपेयांच्या बाटल्यांचं नेहमीचं प्लास्टिक) पेय बाटल्यांत २०२५पासून किमान २५ टक्के रिसायकल केलेलं प्लास्टिक हवं आणि २०३०पासून सगळ्याच प्लास्टिक पेय बाटल्यांत ३० टक्के. कॅलिफोर्नियाने २०२०मध्ये कायदा केला: २०२२पासून १५ टक्के, २०२५पासून २५, २०३०पासून ५०. कागदावर आकडा लिहिणं सोपं असतं, पण ते २५ टक्के यायचे कुठून? पुन्हा अन्नपदार्थ भरता येईल इतका स्वच्छ माल फक्त बाटलीपासूनच पुरेसा मिळतो, आणि तोही बाटली इतर कचऱ्यात कालवली गेली नसेल तरच. तेव्हापासून आमच्या आवारात पेय कंपन्यांच्या खरेदी विभागाची माणसं दिसायला लागली. त्याआधी तिथे त्यांचं पाऊल पडलेलं मला आठवत नाही.

स्वच्छ मालाचा एवढा बाऊ का, हे एका चाचणीवरून लक्षात येईल. धुतलेल्या चुऱ्याची प्रत्येक खेप बाहेर जाण्याआधी आम्ही त्यातला थोडा चुरा पातळ थरात एका ट्रेमध्ये पसरतो आणि २२० अंश सेल्सिअसच्या भट्टीत तासभर ठेवतो. आत जाताना सगळे कण सारखेच दिसतात, काचेच्या बारीक तुकड्यांसारखे. बाहेर येतात तेव्हा पेटचे कण दुधाळ पांढरे झालेले असतात. ज्यांवर लेबलाचा गोंद राहिलेला असतो ते पिवळे. काही एकमेकांना चिकटून त्यांची ढेप झालेली असते, ते बाटलीभर आवळून बसवलेल्या छापील वेष्टनाचे, ज्याला आम्ही स्लीव्ह म्हणतो. आणि मधेच एखादा कण करपून काळा. तो पीव्हीसी, नळाच्या पाइपांचं असतं ते वेगळं प्लास्टिक. पीव्हीसी आणि पेट यांची घनता इतकी जवळ की पाण्याच्या टाकीत दोन्ही तळाला जातात, पाण्याने त्यांना वेगळं करता येत नाही. बुचांचं तसं नाही, ती पाण्यापेक्षा हलकी असल्याने आपोआप वर तरंगतात. एका टनात शंभर ग्रॅम पीव्हीसी राहिलं तरी तो माल पुन्हा बाटलीच्या कामाचा नाही. त्या ट्रेकडे पाहून आमचा प्रयोगशाळेतला मुलगा ही खेप बाटलीला जाणार की पट्ट्या आणि धाग्याला, ते सांगतो.

याच कारणाने गोळा करण्याच्या पद्धतीला एवढं महत्त्व. सरमिसळ कचऱ्यातून निवडलेल्या बाटल्यांच्या गाठीची तार कापली की आधी वास येतो. आत तेलाच्या बाटल्या, औषधांच्या, अर्धवट भरलेल्या, माती, दगडसुद्धा. अशा गाठीतला चौथा ते तिसरा हिस्सा आम्हाला फेकावा लागला आहे. अनामत योजनेतून आलेली गाठ उघडली की फक्त बाटल्या असतात. माझ्या मते पेय उद्योगाचा अनामतीवरचा सूर बदलला त्यामागचं सगळ्यात मोठं कारण हेच. ज्या व्यवस्थेला तो खर्च म्हणत होता, तीच त्याची कच्च्या मालाची खाण ठरली.

अनामत योजना चालते का, याबद्दल आता शंका उरलेली नाही. जर्मनीत २००३पासून एकदा वापरायच्या बाटलीवर २५ सेंट अनामत आहे आणि सुमारे ९८ टक्के बाटल्या परत येतात. लिथुआनियाने फेब्रुवारी २०१६मध्ये सुरुवात केली. त्याआधी जेमतेम तिसरा हिस्सा गोळा होत होता, दोन वर्षांच्या आत प्रमाण ९० टक्क्यांच्या वर गेलं. पण ही उदाहरणं देताना लोक एक गोष्ट विसरतात. नुसत्या अनामतीने हे होत नाही, तिच्या भोवतीच्या तरतुदींनी होतं.

ऑरेगॉनचं उदाहरण मला फार मोलाचं वाटतं. अमेरिकेतला पहिला बाटली कायदा तिथलाच, १९७१चा. अनामत पाच सेंट. पुढच्या चाळीस वर्षांत पाच सेंटची किंमत उरली नाही आणि बाटल्या परत येण्याचं प्रमाण घसरत गेलं. मग कायद्यात एक साधं कलम घातलं गेलं: सलग दोन वर्षं प्रमाण ८० टक्क्यांच्या खाली राहिलं तर अनामत आपोआप दहा सेंट होईल. नवी चर्चा नाही, नवं मतदान नाही. प्रमाण ६४ टक्क्यांपर्यंत उतरलं, एप्रिल २०१७मध्ये अनामत दहा सेंट झाली आणि प्रमाण पुन्हा ८० टक्क्यांच्या पुढे गेलं.

नॉर्वेने तीच गोष्ट कराच्या वाटेने साधली. तिथे पेयांच्या वेष्टनावर पर्यावरण कर आहे आणि बाटल्या जितक्या जास्त परत येतील तितका तो कमी होतो. ९५ टक्क्यांच्या वर गेलात की शून्य. आता विचार करा, बाटली परत यावी म्हणून तिथला उत्पादक किती जीव तोडून प्रयत्न करत असेल. तिथली योजना उद्योगच चालवतो आणि नीट चालवतो, कारण नीट चालवण्यातच त्याचा पैसा वाचतो. उद्योगाच्या पाठिंब्याचा उपयोग करून घ्यायचा तर असा.

आता परिस्थितीवर काय अवलंबून आहे ते. जिथे कचरावेचकांच्या हातून बाटल्या आधीच मोठ्या प्रमाणावर गोळा होतात, तिथे युरोपातली व्यवस्था जशीच्या तशी आणून ठेवली तर त्यांच्या पोत्यातला सगळ्यात किमती माल निघून जाईल. परतीचं यंत्र दुकानात बसणार, आणि दुकानात त्यांना कोण उभं करणार? तिथे कलम असं हवं की बाटली आणणारा कोणीही असो, कितीही आणो, पूर्ण अनामत त्याच्या हातात पडली पाहिजे आणि मोठ्या संख्येने आणणाऱ्यांसाठी वेगळी केंद्रं हवीत. ब्राझीलमध्ये अनामत नसतानाही ॲल्युमिनियमचे ९५ टक्क्यांहून जास्त कॅन परत वितळवले जातात, आणि त्यात कचरावेचकांचा वाटा मोठा आहे. ॲल्युमिनियमला भाव आहे म्हणून हे घडतं. पेटचं गणित वेगळं आहे. अर्ध्या लिटरची पाण्याची रिकामी बाटली आज दहा-बारा ग्रॅमची असते. किलोभर वजन भरायला ऐंशी ते शंभर बाटल्यांसाठी वाकावं लागतं. मी बाटलीच्या कारखान्यात होतो तेव्हा वजनातला एकेक ग्रॅम कमी करण्यासाठी आम्ही महिनोन्महिने राबलो, आणि ते काम चांगलंच होतं, कारण प्लास्टिक वाचलं. पण त्या प्रत्येक ग्रॅमबरोबर वेचणाऱ्याची मजुरीही कमी होत गेली, हे मला पलीकडच्या बाजूला आल्यावर कळलं. त्यामुळे बाटलीची किंमत वजनावर न ठरता नगावर ठरावी, हे मी आता मनापासून मानतो. अनामत नेमकं तेच करते.

बाटलीच्या घडणीबद्दल थोडक्यात सांगतो, कारण इथे उद्योगाचा पाठिंबा बऱ्यापैकी विश्वासार्ह आहे. जपानच्या पेय उद्योगाने २००१पासून रंगीत पेट बाटल्या स्वतःहून बंद केल्या आणि तिथलं रिसायकलिंगचं प्रमाण आज ८५ टक्क्यांच्या आसपास आहे. दक्षिण कोरियाने डिसेंबर २०१९पासून रंगीत पेय बाटल्या आणि पीव्हीसीचं वेष्टन कायद्याने थांबवलं. स्प्राइटची हिरवी बाटली उत्तर अमेरिकेत २०२२मध्ये पारदर्शक झाली. हिरव्या बाटलीचा चुरा पुन्हा हिरव्यालाच चालतो, पारदर्शक बाटलीचा कशालाही चालतो, एवढं साधं कारण. इथे अडतं ते विक्री विभागापाशी. एका पेय कंपनीने पूर्ण उंचीची चकचकीत स्लीव्ह आणली होती. वर्गवारी करणारं यंत्र प्रकाश टाकून प्लास्टिक ओळखतं, त्याला स्लीव्हच्या आतली बाटली दिसेना आणि ती बाटली बाजूला फेकली जायची. मी त्यांना भट्टीतून काढलेला ट्रे कापडात गुंडाळून नेऊन दाखवला. त्यांचा अभियंता लगेच समजला. स्लीव्ह बदलायला मात्र पुढे तीन वर्षं लागली, कारण निर्णय त्याच्या हातात नव्हता. घडणीचे नियम कायद्यात असतील तर अशा अभियंत्याला कंपनीत बळ मिळतं.

आता पाठिंबा कुठे विरतो ते पाहू. पहिली जागा म्हणजे खर्च कोणाचा. उत्पादकाची विस्तारित जबाबदारी, जिला सगळे ईपीआर म्हणतात, ही कल्पना स्वीडनमध्ये थॉमस लिंडक्विस्ट यांनी १९९०मध्ये मांडली आणि जर्मनीने १९९१च्या पॅकेजिंग वटहुकमाने ती प्रत्यक्षात आणली. तत्त्वाला आज कोणी नाही म्हणत नाही. ‘पूर्ण खर्च’ हे दोन शब्द आले की चर्चा लांबते. मसुद्यात ‘योगदान’, ‘सहभाग’ असे शब्द असतील तर बाकीचा भार नगरपालिकेवर पडणार, हे समजून घ्या. शिवाय परत न आलेल्या बाटल्यांची अनामत कोणाकडे जाते तेही पाहा. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात तिचा तीन चतुर्थांश भाग राज्याकडे जातो, बाकीचा दुकानदारांकडे. नॉर्वेत ती योजनेच्याच खर्चाला लागते. ही रक्कम उत्पादकाच्या नफ्यात जात असेल तर बाटली परत न येण्यात त्याचा फायदा आहे, आणि असा कायदा स्वतःच्याच उद्देशाविरुद्ध काम करतो.

दुसरी जागा माल कोणाला मिळणार याची. युरोपातल्या शीतपेय उत्पादकांची संघटना मागणी करते की गोळा झालेल्या पेटवर पेय उत्पादकांना आधी हक्क मिळावा, कारण गोळा करण्याचा खर्च ते करतात आणि नंतर माल कापड किंवा खोकी करणारे उचलून नेतात. बरेच कार्यकर्ते याला विरोध करतात. मी करत नाही. बाटलीची बाटली झाली तर तेच पेट पुन्हा परत येऊ शकतं. एकदा धागा होऊन शर्टात गेलं की ते शक्यतो परत येत नाही. मात्र हा हक्क फक्त कायद्याने ठरवलेल्या प्रमाणापुरता असावा आणि बाजारभावाने असावा, नाहीतर रिसायकलिंगवाल्याला मोठ्या खरेदीदाराच्या दयेवर जगावं लागेल.

तिसरी जागा सगळ्यात महत्त्वाची, आणि मराठीत तर ती दिसतही नाही. बातम्यांत, सरकारी पत्रकांत आपण दोन वेगळ्या गोष्टींना ‘पुनर्वापर’ हा एकच शब्द लावतो. बाटली धुऊन पुन्हा भरणं हा पुनर्वापर. बाटली फोडून, वितळवून नवी करणं हे रिसायकलिंग, हवं तर पुनर्प्रक्रिया म्हणा. कायद्यात हे दोन शब्द वेगळे नसतील तर पुन्हा भरण्याचं उद्दिष्ट वितळवून पूर्ण केल्याचं दाखवता येईल. पुन्हा भरण्यासाठी केलेली जाड पेटची बाटली वीसेक वेळा भरता येते, काचेची त्याहून जास्त. युरोपीय संघाच्या २०२५च्या पॅकेजिंग नियमात पेयांसाठी २०३०पासून १० टक्के पुनर्वापराचं उद्दिष्ट आहे. रिसायकलिंगला जोरदार पाठिंबा देणारा उद्योग अशा उद्दिष्टांना मात्र कडाडून विरोध करतो. त्यात कारणं आहेत, धुण्याचे कारखाने, परतीची वाहतूक, लांबचं अंतर. अंतर फार असेल तर जड बाटली परत नेण्यात फायदा राहत नाही, हे मलाही मान्य आहे. म्हणून मी सरसकट एकच आकडा मागणार नाही, पण पुनर्वापराचं वेगळं उद्दिष्टच नसलेला मसुदा मला अपुरा वाटतो.

आणि चौथी जागा, भाव. नवं पेट तेलापासून होतं आणि तेल उतरलं की तेही उतरतं. आमचा खर्च मात्र गोळा करणं, धुणं, वाळवणं, वीज यांचा आहे, तो तेलाबरोबर उतरत नाही. अशा काळात स्वेच्छेने दिलेली वचनं टिकत नाहीत. कोका-कोलाने विकलेल्या प्रत्येक बाटलीइतकी बाटली २०३०पर्यंत गोळा करण्याचं आणि वेष्टनात ५० टक्के रिसायकल केलेला माल वापरण्याचं उद्दिष्ट ठेवलं होतं. डिसेंबर २०२४मध्ये ते २०३५पर्यंत ७० ते ७५ टक्के आणि ३५ ते ४० टक्के असं खाली आणलं, आणि २५ टक्के पेयं पुन्हा भरता येणाऱ्या बाटल्यांतून विकण्याचं उद्दिष्ट नव्या यादीत नव्हतंच. नवं पेट स्वस्त झाल्यावर ऑर्डर रद्द झाल्याचे फोन आमच्याकडे एका आठवड्यात तीन-तीन आले आहेत. त्या महिन्यात दोन पाळ्यांची एक पाळी करावी लागली.

इथेच तुमच्या प्रश्नाचा दुसरा पैलू आहे. ज्या कंपनीने खरंच यंत्रणेत पैसा घातला, तिला शेजारचा स्पर्धक स्वस्त नवं पेट वापरून मागे टाकतो. अशा कंपनीला कायदा मनापासून हवा असतो, कारण नियम सगळ्यांना सारखा झाला की तिचा तोटा थांबतो. अशी माणसं मी पाहिली आहेत, त्यांच्याशी हातमिळवणी करायला अजिबात कचरू नका. तुमच्या संस्थेच्या पत्रापेक्षा त्यांच्या एका सहीचं वजन सरकार दरबारी जास्त पडतं.

आतापर्यंतचं एकत्र पाहिलं तर अनामत, बाटलीची घडण आणि रिसायकल केलेल्या मालाचं किमान प्रमाण या तीन बाबतीत उद्योगाची साथ घ्या. खर्च, न परतलेली अनामत आणि पुनर्वापर या तीन बाबतीत स्वतःचं स्वतंत्र मत लिहा. मसुदा वाचताना मोजमाप कुठे होतं तेही शोधा. गोळा केलेली गाठ वजन काट्यावर ठेवून ‘रिसायकल झालं’ म्हणता येत असेल, तर आम्ही फेकून दिलेला तो तिसरा हिस्साही यशात मोजला जाईल. वजन धुतलेल्या, वाळलेल्या चुऱ्याचं व्हायला हवं.

आणि सुनावणीत कंपनीच्या प्रतिनिधीला बोलायची संधी असेलच, तेव्हा त्यांना एकच गोष्ट विचारा: सलग दोन वर्षं उद्दिष्ट चुकलं तर अनामत आपोआप वाढेल, असं कलम घालायला तुमची लेखी संमती आहे का? संमती मिळाली तर ते पत्र तुमच्या निवेदनाला पहिल्या पानाला जोडा. ‘तपासून सांगतो’ असं उत्तर आलं तर ती तारीख लिहून ठेवा आणि पंधरा दिवसांनी पुन्हा विचारा.